बाईंच्या नावाची खोली

माझी पत्नी चारकोपच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवायची, आणि तिच्या विज्ञानाचा बराचसा भाग मुलांनी चपला काढल्यावर सुरू व्हायचा. दरवर्षी सातवीचा वर्ग ती तीनदा शाळेबाहेर न्यायची. दिवाळीची सुट्टी संपली की बोरिवलीच्या जंगलात, संक्रांतीनंतर आमच्याच मागच्या खाडीवरच्या तिवरांच्या झाडीत, आणि वार्षिक परीक्षेच्या आधी एकदा मढच्या बाजूला, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर. याला ती सहल म्हणू द्यायची नाही. सहल म्हटलं की पोरं वेफर्सची पाकिटं आणतात, असं तिचं म्हणणं. ती ‘बाहेरचा तास’ म्हणायची. वेळापत्रकात लिहिलेला तास बुडवता येत नाही, हेही एक कारण असावं.

मी तेव्हा अंधेरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. आमच्या घरातली विभागणी सरळ होती. ती बघून यायची आणि मी पुस्तकात शोधायचो. संध्याकाळी ती पाय धुऊन, साडीच्या काठावरचा चिखल नळाखाली चोळत विचारायची, "पिवळ्या पोटाचा पक्षी, शेपटी सारखी हलवत होता. कोण असेल?" मी चष्मा लावून पानं उलटायचो. नाव सापडलं की तिला आनंद व्हायचा, पण ते नाव ती मुलांना लगेच सांगायची नाही. पहिल्या दिवशी मुलांनी स्वतःच नावं ठेवायची, असा तिचा नियम होता. तिवरांच्या चिखलात एक छोटा खेकडा असतो, त्याची एकच नांगी भलीमोठी असते आणि ती तो सारखी वर-खाली करतो. त्याच्यावरून एका वर्षी वर्गात भांडण झालं.

"बाई, तो ‘ये ये’ करतोय."

"येडा आहेस काय? ‘चल फुट’ करतोय तो!"

त्या वर्षापुरतं त्या खेकड्याचं नाव ‘चलफुट’ पडलं. ती मला हे सांगताना इतकी हसली होती की तिला ठसका लागला. खरं नाव मी शोधून ठेवलं होतं, ते तिने दोन दिवसांनी विचारलं.

जंगलात ती प्रत्येक मुलाला एक नाडी द्यायची. हातभर लांबीची, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. ती जमिनीवर गोल टाकायची, त्या गोलाच्या कडेला बसायचं आणि अख्खा तास फक्त त्या गोलात काय आहे ते बघायचं. बोलायचं नाही, उठायचं नाही. पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी हमखास म्हणायचं, "बाई, ही परकराची नाडी आहे ना?"

"हो. नवी आहे, धुतलेली आहे. नाडी बघू नकोस, आत बघ."

"आत काहीच नाही बाई. पाला आहे."

"मग पाला बघ."

मी दोनदा तिच्याबरोबर गेलो होतो, म्हणून हे डोळ्यांसमोर आहे. अर्ध्या तासानंतर मुलांचे चेहरे बदलायचे. माना खाली जायच्या. कोणी पोटावर पालथं पडायचं. झाडांत बसलेला तो वर्ग अगदी शांत असायचा, आणि ती मागे एका दगडावर बसून थर्मासमधला चहा प्यायची. परतताना बसमध्ये एक मुलगा शेजाऱ्याला सांगत होता, "माझ्या गोलात एक मुंगी मेली यार. मग बाकीच्या आल्या तिला न्यायला." घरात कोणी गेल्याची बातमी द्यावी तसा त्याचा आवाज होता.

खडकांवरच्या तासाला एक वेगळीच अडचण होती. समुद्र सर्वांत जास्त मागे हटतो तो अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला, आणि आमच्या भागातली निम्मी घरं कोकणातली. अमावास्येला पोरं समुद्रावर न्यायची म्हटल्यावर काय झालं असेल ते कोकणातल्या माणसाला सांगावं लागणार नाही. पहिल्याच वर्षी एका मुलाची आजी शाळेच्या फाटकात उभी राहिली. "अमाशेक पोरांका दर्यार न्हेतंस? खुळी झालंस काय गो?" माझी पत्नी स्वतः वेंगुर्ल्याकडची. तिने वाद घातला नाही. तिने फक्त तारीख दोन दिवसांनी पुढे नेली. द्वितीयेला पाणी तितकंच, किंबहुना थोडं जास्तच मागे जातं, आणि बीज म्हणजे चांगली तिथी. आजी खूश, समुद्रही खूश. तेव्हापासून खडकांचा तास कायम द्वितीयेला असायचा. सकाळी सातच्या सुमाराची ओहोटी गाठायची, म्हणून मुलं काळोखातच स्वेटर घालून शाळेपाशी जमायची.

आमच्या खालच्या घरात एक कुटुंब राहतं. वाशीमकडचं, बौद्ध. वडील विमानतळावर नोकरीला, आई कांदिवलीच्या एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये. मोठा मुलगा माझ्या पत्नीच्या वर्गातून जाऊन आलेला. त्याला एक धाकटी बहीण. ही मुलगी तिसरीत असल्यापासून आपला नंबर लागायची वाट बघत होती. भाऊ तिला सारखा चिडवायचा. "तुला काय कळणार? चिखलात पाय गेला ना, की निघतच नाही. बूट गेला तर गेला." ती जिना चढून आमच्या दारात यायची.

"काकू, आमचा नंबर कधी?"

"सातवीत."

"मी आत्ताच येते ना. लपून."

"लपून आलीस तर खेकडा धरेल."

"धरू दे. मी पण त्याला धरेन."

पाचवीत ती त्याच शाळेत आली, तेव्हा माझ्या पत्नीने तिला बजावलं की शाळेत काकू म्हणायचं नाही, बाई म्हणायचं. पोरीने ते इतकं मनावर घेतलं की शाळेच्या फाटकाच्या आत एक पाय आणि बाहेर एक पाय ठेवून ती विचारायची, "आता काय म्हणू?"

ती सहावीत असताना, खडकांचा तास झाल्यानंतर आठवडाभरात, माझ्या पत्नीचं दुखणं कळलं. कळलं तेव्हाच उशीर झाला होता. मला त्या महिन्यांबद्दल लिहायचं नाही. एवढंच लिहितो, की सहावीची परीक्षा संपली त्या दिवशी ही मुलगी निकालाच्या आधीच येऊन सांगून गेली, "काकू, मी पास होणारच आहे. मग आता माझा नंबर." माझी पत्नी उशीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "हो. तुझाच." तिला खोटं बोलायची सवय नव्हती. मला वाटतं त्या दिवशी तिला स्वतःलाही ते खरं वाटलं असावं. शाळेला सुट्टी लागल्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर शोकसभा झाली. वर्गातले बाक भिंतीला लावून सतरंज्या टाकल्या होत्या. फुलांचा हार घातलेला फोटो होता. तो आमच्या पुतण्याच्या लग्नातला, त्यात ती भरजरी साडीत अवघडून बसली आहे. माजी विद्यार्थी खूप आले होते. कोणी बोलता बोलता रडलं, कोणी तिच्या छडीची आठवण सांगितली, जी तिने कधी वापरली नव्हती. शेवटी मला बोलायला सांगितलं. मला चार माणसांत बोलता येत नाही. मी म्हणालो, "तिचे बाहेरचे तास चालू राहावेत, एवढीच इच्छा आहे." खाली बसलो. टाळ्या वाजल्या.

त्या टाळ्यांतूनच एक जण उठला. पस्तिशीचा, धिप्पाड. हा तिचा विद्यार्थी, आता घरांच्या आतल्या सजावटीची कामं घेतो. मालाड-गोरेगावच्या मोठ्या इमारतींत त्याची कामं चालतात. त्याचे डोळे लाल झाले होते. "काका, तास चालूच राहणार," तो म्हणाला. "वर्षातून तीनदा कशाला? रोज. आपण बाईंच्या नावाने एक खोली करू. निसर्गाची. जंगल, समुद्र, सगळं आत. लाइट, साऊंड, एकदम झकास. एक पैसा कुणी द्यायचा नाही, मी करणार."

पुन्हा टाळ्या. या वेळी जास्त.

त्याच्यावर राग धरावा असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. तो मनापासून बोलत होता. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं ऋण फेडायचं म्हणजे काहीतरी बांधायचं. एखादी खोली, बाकडं, पाणपोई, दारावर संगमरवरी पाटी. चालत्या तासावर पाटी लावता येत नाही. शिवाय शाळेची गरजही खरी होती. मराठी शाळा, दरवर्षी पट घसरतो, पलीकडच्या इंग्रजी शाळेत स्मार्ट वर्ग आहेत, तरणतलाव आहे. मुख्याध्यापिका बाई चांगल्या आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी आशा दिसली. मी विचारलं, "आणि बाहेरचे तास?" त्या म्हणाल्या, "तेही होणारच ना. दोन्ही करू." मला ते पटलं. मलाही बरं वाटलं होतं, हे सांगायला हवं. तिच्या नावाची पाटी कुठेतरी लागणार, हे ऐकून जे वाटतं ते मला वाटलं.

काम पावसाळाभर चाललं. पहिल्या मजल्यावरची जुनी प्रयोगशाळा त्यासाठी निवडली होती. दिवाळीची सुट्टी संपली. खालची मुलगी जिन्यात भेटली की विचारायची, "काका, जंगल कधी?" मी शाळेत फोन केला. कळलं की उद्घाटनाची गडबड आहे, ते एकदा झालं की जंगल.

उद्घाटन डिसेंबरात झालं. दारावर तिचं नाव, खाली ‘निसर्ग दालन’. दाराबाहेर मुलांच्या चपलांची रांग. आत हिरवळ होती, प्लास्टिकची. ती खराब होऊ नये म्हणून चपला बाहेर. छताला निळा रंग, त्यात पांढरे ढग आणि ढगांच्या मागे दिवे. खांबांना झाडाच्या सालीसारखं काहीतरी गुंडाळलं होतं आणि त्यावरून वेली सोडल्या होत्या. एका भिंतीवर पांढऱ्या वाळूचा समुद्रकिनारा, नारळाच्या झाडाला बांधलेला झोपाळा. असा किनारा मी फक्त प्रवासी कंपन्यांच्या जाहिरातींत पाहिला आहे. आणि एसी होता. डिसेंबरात सुद्धा मुलं आत आल्या आल्या "आहाहा" करत होती. शाळेत दुसरीकडे कुठेच एसी नाही.

मग पडदे ओढले आणि समोरच्या भिंतीवर समुद्र सुरू झाला. लाटेचा आवाज चारही कोपऱ्यांतून यायचा. मुलं खरोखर गप्प झाली. एक लाट यायची, फुटायची, मागे जायची, आणि ओल्या वाळूवरून एक तपकिरी कुत्रा डावीकडून उजवीकडे पळत जायचा. पुन्हा लाट. पुन्हा कुत्रा. मागच्या रांगेतल्या एका पोराच्या ते आधी लक्षात आलं.

"अरे, तोच कुत्रा परत आला!"

"कुठे?"

"थांब ना. आत्ता येईल बघ. आला! आला!"

मग अख्खा वर्ग कुत्र्याची वाट बघू लागला. लाट आली की कुजबुज, कुत्रा दिसला की आरोळी. प्रमुख पाहुणे हसले. मुख्याध्यापिका बाई "श्श्श" म्हणाल्या आणि मग त्याही हसल्या. खोली करणारा तो विद्यार्थी माझ्या शेजारी बसला होता. तो माझ्या कानात म्हणाला, "काका, हा डेमो आहे. मोठा व्हिडिओ टाकणार आहे मी, टेन्शन नका घेऊ." मी त्याचा हात दाबला. तो भिंतीकडे बघत होता, आणि त्याचे डोळे पुन्हा भरून आले होते. तोही कधीकाळी तिच्याबरोबर खडकांवर गेला होता. त्याला त्या भिंतीवर काय दिसत असेल ते आमच्यापैकी बाकी कोणाला दिसत नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर खालची मुलगी माझ्यापाशी आली. दोन वेण्या, नव्या लाल रिबिनी. "छान आहे ना काका," ती म्हणाली. मग रिबीन घट्ट करत, "पण हे आमच्या नंबरात धरायचं नाही हं."

संक्रांतीनंतर मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका बाईंनी चहा मागवला. त्यांनी काही लपवलं नाही. परवानग्या वाढल्यात, कुठे काही झालं की मुख्याध्यापकाच्या गळ्याशी येतं, आणि संस्थेचे लोक म्हणतात की एवढी खोली झाली आहे, आता बाहेर कशाला. मी म्हणालो, मी बरोबर येतो, खेळाचे सर येतील, निदान तिवरांत तरी नेऊ, ते तर चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाल्या, "पालक हो म्हणाले तर मी संस्थेशी भांडेन. सभा घेते."

सभा त्या खोलीतच झाली. एसी लावला होता. बहुतेक आयाच आल्या होत्या. मी मांडलं ते मांडलं. पहिली बाई म्हणाली, "तेव्हा बाई होत्या ना. मोठीला डोळे झाकून पाठवलं."

दुसरी म्हणाली, "आता बसल्या जागी दिसतंय सगळं. चिखल नको, काही नको. मोठ्याचे कपडे धुताना माझी वाट लागायची तेव्हा."

"आणि बिबट्याचे व्हिडिओ येतात रोज."

"तिवरांत बिबट्या कुठला गं?"

"साप तर असतील!"

खालच्या मुलीची आई लॅबमधून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. ती म्हणाली, "मी पाठवेन." सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. एका मुलीसाठी वर्ग निघत नाही.

उठता उठता त्या पहिल्या बाई माझ्यापाशी आल्या. त्यांना वाईट वाटत होतं. त्या म्हणाल्या, "तसं नाही हो भाऊजी. पण बाई आधी घरी यायच्या. प्रत्येकाच्या."

मला हे माहीत होतं आणि माहीत नव्हतं. बाहेरच्या तासाच्या आधी दोन-तीन आठवडे ती संध्याकाळी उशिरा यायची. कुठे होतीस विचारलं तर म्हणायची, "अगं, ह्यांच्याकडे बसले होते, त्यांच्याकडे बसले होते," असं तिच्या आईशी बोलल्यासारखं. मी समजत होतो की तिला गप्पांची आवड आहे. मला नसल्यामुळे ती तिच्यात जास्त आली आहे, असंही मी एकदा तिला म्हणालो होतो. ती हसून भाजी चिरायला बसली होती.

म्हणून मी ठरवलं की आपणही जायचं. पहिलं घर शेजारच्या सेक्टरमधलं. वडील नुकतेच कामावरून आले होते, टीव्ही चालू होता, तो त्यांनी माझ्यासाठी बंद केला. खुर्ची दिली. पोहे आले. मी निसर्गशिक्षणाबद्दल बोललो. पुस्तकाबाहेरच्या अनुभवाचं महत्त्व, निरीक्षणशक्ती, खाडीची परिसंस्था. सगळं खरं होतं, आणि मी ते वाक्यांत नीट बसवून बोललो. वडील मान हलवत होते. शेवटी म्हणाले, "बघू सर." मला सर म्हणाले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. दुसऱ्या घरीही "बघू." तिसऱ्या घरी आई एकटीच होती. दारातच उभी राहून तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग, मला मदत करावी तशा सुरात, म्हणाली, "बाई असं काही सांगायच्या नाहीत. त्या विचारायच्या."

"काय विचारायच्या?"

"म्हणजे, पोरगं पाण्याला भितं का. अंधारात उठवलं तर चिडचिड करतं का. कोणाचा हात धरून चालतं. आमच्या मोठ्याला लघवीला सारखं लागायचं, ते पण मी त्यांना सांगितलं होतं. कोणाला सांगणार असं?" ती थोडी लाजली. "बरोबर दोन तासांनी त्याला झाडामागे न्यायच्या म्हणे, कोणाला कळू न देता."

मी घरी आलो. दिवा न लावता बसलो. इतकी वर्षं मी तिच्यासाठी पक्ष्यांची नावं शोधत होतो आणि मला वाटायचं की तिच्या कामातला अभ्यासाचा भाग मी सांभाळतो. तिचा अभ्यास वेगळाच होता. तो तिने कुठेही लिहून ठेवला नव्हता, आणि मी कधी विचारला नव्हता. आता विचारायचा म्हटलं तरी कोणाला विचारणार. चौथ्या घरी मी गेलो नाही. मी गेलो असतो तरी त्या घरातल्या आईने आपल्या मुलाच्या लघवीची गोष्ट मला सांगितली नसती, आणि न सांगण्यात तिचं काही चुकलं नसतं.

तिवरांचा तास झाला नाही. द्वितीया आली आणि गेली. परीक्षा झाली. खालची मुलगी सातवी पास झाली.

मे महिन्यात तिची आई एकदा वर आली. तिला रविवारची सुट्टी क्वचितच मिळते, या रविवारी मिळाली होती. "काका, निदान हिला दाखवून आणूया का? मी पण येते. मी पण कुठे बघितलंय. आमच्याकडे विहीर सोडली तर पाणी नाही." मी कॅलेंडरकडे पाहिलं. अमावास्या अगदी जवळ होती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला भरती. खाडीवर जायचं ते सकाळी लवकर, नाहीतर संध्याकाळी. पण सकाळी तिच्या घरी पाणी भरायचं, आठवड्याचं दळण, आणि संध्याकाळी विक्रोळीला नातेवाइकांकडे कार्यक्रम. मधले दोन तास काय ते तिचे होते. मी तिला भरतीबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मग पुढचा रविवार कधी मिळेल सांगता येत नाही." मुलगी तोवर तयार होऊन जिन्यात उभी होती.

आम्ही रिक्षाने शेवटच्या सेक्टरपर्यंत गेलो आणि बांधावरून चालत तिवरांपाशी पोचलो. ऊन होतं. पाणी भरलेलं होतं. झाडं गळ्यापर्यंत बुडून उभी होती, फक्त वरची पानं बाहेर, आणि मध्ये सगळीकडे तपकिरी, संथ पाणी. एक प्लास्टिकची बाटली त्यावर तरंगत होती. मुलगी बांधाच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

"चिखल कुठे आहे?"

"खाली आहे. पाण्याच्या खाली."

"खेकडे?"

"तेही खालीच. बिळं बंद करून बसलेत."

तिची आई ओढणी डोक्यावर घेऊन त्या पाण्याकडे बघत होती. "किती शांत आहे," ती म्हणाली. तिला ते आवडलं होतं. मी त्या मुलीला सांगू लागलो, की ओहोटी झाली की इथे मुळं जमिनीतून वर आलेली दिसतात, बोटांसारखी, झाड त्यांतून श्वास घेतं. मी बोलत होतो आणि माझ्या लक्षात येत होतं की मी पुन्हा सांगतोच आहे. मग मी थांबलो. काहीतरी विचारावं असं वाटलं. ती पाण्याला भिते का, हे मला माहीत नव्हतं. कोणाचा हात धरून चालते, हेही नाही. चार वर्षं ती आमच्या दारात येत होती.

"तुला भीती वाटते का पाण्याची?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "नाही," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "अजून किती वेळ लागेल?"

"ओसरायला? तीन तास तरी."

आईने फोनमध्ये वेळ पाहिली. "तीन तास नाहीत गं आपल्याकडे. विक्रोळीला जायचंय."

"माहीत आहे," मुलगी म्हणाली. तिने आणखी एकदा पाण्याकडे पाहिलं. "आठवीत नेतात का काका?"

"नाही. आठवीत बाईंनी कधी नेलं नाही."

"मग चला," ती म्हणाली, आणि आईच्या आधी तीच वळली. मी दोघींच्या मागून निघालो. पाणी अजून चढतच होतं.